अबोल्यात धरलेली कंबर

अक्का, सोमवारी सकाळी तुम्ही गोठ्यात गेलात. धार काढलीत. चरवी कडेला ठेवलीत, खाली बसलात आणि परत उठला नाहीत. आबा वैरण घेऊन आले तेव्हा त्यांना तुम्ही दिसलात. पणदऱ्यातून डॉक्टर आले, नाडी बघितली, हृदय बंद पडलं म्हणाले आणि गेले.

मंगल आत झोपली होती. तुमची आणि आबांची एकुलती एक मुलगी, पहिल्या बाळंतपणाला कऱ्हाटीहून आलेली, नववा लागलेली. पोटुशीनं मयत बघू नये म्हणून बायकांनी तिला मागच्या दारानं शेजारच्या वस्तीवर नेलं. नुसते पाय बघते म्हणाली, तेही बघू दिले नाहीत. मी वालचंदनगरहून दुपारी पोचले. सगळं आटोपल्यावर तिला परत आणायला मीच गेले. ती ओट्यावर बसली होती, दोन्ही हात कमरेवर ठेवून. रडून झालं होतं. मला बघून तिनं एवढंच विचारलं, "काकी, आता माझ्या मागं कोन बसनार?"

मी तिला हात धरून उठवलं आणि घरी आणलं. दिवसकार्य होईपर्यंत घरात माणसं येत-जात राहिली आणि तो प्रश्न तसाच राहिला. आज बाराव्यानंतर घर रिकामं झालं आहे. शाळेतून रजा घेऊन मी इथंच राहिले आहे. तुमच्याशी बोलल्याशिवाय मला त्या प्रश्नाला नीट सामोरं जाता येणार नाही, म्हणून लिहिते. तसंही एकमेकींशी थेट न बोलता काम चालवण्याची आपल्याला सवय होतीच.

मंगल ज्याला मागं बसणं म्हणते त्याला तुम्ही कंबर धरणं म्हणायचात. कळा सुरू झाल्या की बाईच्या मागं बसायचं आणि कळ आली की पाठीच्या खाली, माकडहाडाच्या वर, तळहाताच्या टाचेनं दाबून धरायचं. कळ गेली की हात सैल सोडायचा, मधल्या वेळात तेलाचा हात फिरवायचा. ते तुम्हाला माहेरून आलं. तुमच्या लहानपणी माहेरची मेंढरं होती. दिवाळीनंतर बिऱ्हाड घोड्यावर लादून घाटाखाली उतरायचं आणि पाऊस लागायच्या आत परतायचं. वाटेत बाई अडली तर सुईण कुठून आणणार? बिऱ्हाडातल्या बायाच एकमेकींच्या मागं बसायच्या. आपल्या सासरची मेंढरं आजेसासऱ्यांनीच विकली, कालव्याच्या फाट्याचं पाणी आलं, ऊस आला, गाई आल्या. तुम्ही लग्न होऊन आलात तेव्हा इथं कुणाला हे येत नव्हतं. म्हणून वस्तीवर तुम्हाला मान होता. मी बारामतीत वाढलेली, बी.ए., बी.एड. झालेली, गावच्या शाळेत शिकवायला लागलेली धाकटी जाऊ. मलाही तुमचं कौतुकच होतं, सुरुवातीला.

माझं पहिलं बाळंतपण रीतीप्रमाणे माहेरी झालं. आईनं मला बारामतीत दवाखान्यात नेलं. आत कुणाला सोडत नसत. आई दाराबाहेर बाकड्यावर, आणि मी आत लोखंडी पलंगावर. नर्स यायची, बघायची, "अजून वेळ आहे" म्हणायची, जायची. त्यांचं काम त्या करत होत्या. पण कळ आली की मी पलंगाची दांडी धरायचे आणि त्या दांडीखेरीज तिथं धरायला काही नव्हतं. दिवस मावळायच्या सुमारास मुलगा झाला. रडला नाही. नाळ गळ्याभोवती आवळली होती, असं डॉक्टरांनी मला नंतर बसून नीट समजावून सांगितलं. मला ते समजलं. समजल्यामुळं काही कमी झालं नाही, पण कुणाला दोष द्यायचा नाही एवढं तरी त्यानं झालं.

पणदऱ्याला परत आले तेव्हा बायका भेटायला बसल्या होत्या. मी खांबाला टेकून बसले होते. कुणीतरी सुस्कारा टाकला, कुणी नशीब म्हणालं. आणि तुम्ही सगळ्यांच्या देखत म्हणालात, "हितं ठिवली असती तर प्वार जगलं असतं. म्या कंबर धरली असती. आईनं दवाखान्याच्या नादानं घालवलं."

मी उठून आत गेले. त्या दिवसापासून मी तुमच्याशी बोलले नाही. दोन दिवस तुम्ही वाट बघितलीत, मग तुम्हीही बोलणं टाकलंत. माझ्या आईला हे कुणीतरी सांगितलं. तिनं या घराचा उंबरा ओलांडणं बंद केलं.

एका घरात, एका चुलीवर, अबोला चालवणं सोपं नसतं. पण आपण ते चांगलं चालवलं. "पानी तापलंय, ज्येला आंगूळ करायची त्येनं करावी," असं तुम्ही चुलीला सांगायचात. "आज शाळा लवकर आहे," असं मी कोनाड्याला सांगायचे. आणि तुम्ही लवकर भाकरी थापायचात. माझा डबा एक दिवसही चुकला नाही, हे मला तेव्हाही दिसत होतं. चटणीत तेल जास्त आवडतं हे तुम्हाला माहीत होतं, तेवढं तेल असायचं. पण डबा म्हणजे क्षमा मागणं नव्हे, असं माझं मत होतं. ते अजूनही आहे.

आत्याबाईंना, आपल्या सासूबाईंना, या अबोल्याचा सगळ्यात जास्त त्रास झाला आणि सगळ्यात जास्त मजाही त्यांनाच आली. निरोप त्यांच्यामार्फत जायचे. एका वाक्याचा निरोप दिला की त्या पुढं दोन वाक्यं स्वतःची जोडायच्या. "ती म्हनती, मीठ कमी हाय. स्वतः कदी घालून बघितलं न्हाय." ह्यांनी एकदा चेष्टेत म्हटलं होतं, की आईला दोघींनी मिळून पगार द्यायला हवा.

पुढं मला परत दिवस गेले. ह्यांना कंपनीत कायम केलं होतं आणि वालचंदनगरला क्वार्टर मिळाली होती. सातव्यात मी तिकडं गेले. दुसरं बाळंतपण सासरी व्हायचं. आई यायला तयार होती, पण तुम्ही आणि आत्याबाई येणार म्हटल्यावर ती नाही म्हणाली. आणि तुम्ही येणारच होतात. तुम्हाला कुणी बोलावलं नव्हतं. मंगलला आणि आबांना इकडं ठेवून, करडईच्या तेलाची बाटली पिशवीत घालून तुम्ही एसटीनं आत्याबाईंबरोबर आलात. दारात चपला काढताना कुंडीकडं बघून म्हणालात, "दिस भरल्यात म्हनून आलोय. कुनाला नको आसंल तर परत जायची गाडी चारला हाय."

मला हवं होतं की नको होतं? खरं सांगायचं तर मला भीती वाटत होती. वस्तीवरच्या बाळंतपणांत उशीर झाला की पोट वरून दाबतात, हे मी ऐकलं होतं. तुम्हीही दाबायचात, हेही ऐकलं होतं. पहिलं गेलं होतं. दुसऱ्याच्या बाबतीत मी कुणाच्याही हातावर विश्वास टाकणार नव्हते. मी ह्यांना सांगितलं, ह्यांनी आत्याबाईंना, आत्याबाईंनी तुम्हाला: पोटाला हात लावायचा नाही. बाळंतपण दवाखान्यात होईल. कंबर धरायची असेल तर धरा.

स्वयंपाकघरातून तुमचा आवाज आला, मला ऐकू जाईल एवढा मोठा. "तिला म्हनावं, पोटाला हात लावला तर माजा हात तोडून टाक. पन मास्तरनीला सांगा, म्या हुकुमाची बाई न्हाय."

आत्याबाई बाहेर आल्या आणि मला म्हणाल्या, "व्हय म्हनती."

कळा सुरू झाल्या त्या दिवशी कंपनीचा सकाळचा भोंगा नुकताच झाला होता. ह्यांनी रिक्षा आणली. डॉक्टरीणबाईंचा दवाखाना लहान होता, तीन खाटांचा. बाई सोबत एकीला बसू द्यायच्या. आपल्या त्या दिवशी दोघी बसल्या, कारण एकीला माझ्याशी बोलायचं नव्हतं, तर निरोपाला दुसरी लागत होती. नर्सला हे सांगायचं कसं ते कुणाला कळेना. आत्याबाईंनीच सांगितलं, "ह्या दोगी बोलत न्हाईत." नर्स म्हणाली, "आणि तरी ह्या कंबर दाबणार?" आत्याबाई म्हणाल्या, "दाबायला बोलायला कशाला लागतंय?"

लागतं, अक्का. ते आपल्याला लगेच कळलं.

तुम्ही मला खाटेच्या कडेला उभं केलंत, हात गादीवर टेकवले आणि मागं बसलात. पहिली मोठी कळ आली आणि तुमचा हात बसला. तो जरा वर बसला होता. मी आत्याबाईंना म्हणाले, त्यांना म्हणावं जरा खाली. आत्याबाईंनी तुम्हाला सांगितलं, "म्हनती जरा खाली. बाळंत व्हताना बी शिकवाया लागली." तोवर कळ गेली. पुढच्या कळेला हात खाली आला, पण डावीकडं. परत निरोप. परत आत्याबाईंची भर. डॉक्टरीणबाई आत येऊन हे बघून गेल्या आणि बाहेर हसल्याचं मला ऐकू आलं.

मग आत्याबाईंना चहा हवा झाला. त्या गेल्या आणि खोलीत आपण दोघीच उरलो. खिडकीतून कंपनीच्या रस्त्यानं सायकली जाताना दिसत होत्या. कळ आली. तुमचा हात डावीकडंच होता. मला राहवेना. मी खिडकीला सांगितलं, "इथं नाही."

मागून तुम्ही खिडकीलाच विचारलंत, "मग कुठं?"

"उजवीकडं. जरा आत."

"हितं?"

"हां."

तिथं तुमचा हात बसला आणि मी पहिल्यांदा पुरता श्वास सोडला. दुखणं गेलं नाही. ते कुणी सांगितलं तर मी खरं मानणार नाही. पण कळ पाठीतून फुटून निघत होती आणि बाहेरून कुणीतरी तिला तेवढ्याच जोरानं धरत होतं. त्यामुळं ती माझ्या एकटीच्या अंगावर राहिली नाही. पहिल्या वेळी दांडी धरून मी जे एकटीनं सोसलं होतं ते किती होतं, ते मला त्या क्षणी कळलं. हे मी तुम्हाला कधीच सांगितलं नाही. सांगायला गेले असते तर आभार मानावे लागले असते, आणि आभार मानले असते तर ते जुनं वाक्य सोडून द्यावं लागलं असतं. मला दोन्ही धरून ठेवायचं होतं. रागही खरा होता, आणि पाठीवरचा हातही.

आत्याबाई चहा पिऊन आल्या तरी आपण खिडकीशीच बोलत राहिलो. "जोर जास्त झाला," मी. "हात तसाच हाय, कळच जोराची हाय," तुम्ही. "तेल नको आता," मी. "बरं," तुम्ही. आत्याबाई पदर तोंडाला लावून बसल्या. कळ फार जोराची आली की दोन्ही कुल्ल्यांवर हात ठेवून तुम्ही आत दाबायचात, मग सोडायचात. तुमच्या मनगटात बांगड्या होत्या, त्या टोचतील म्हणून कोपराकडं सरकवून वर फडकं बांधलं होतंत.

दुपारनंतर कळा मंदावल्या. डॉक्टरीणबाई तपासून गेल्या, वाट बघू म्हणाल्या. आत्याबाई घाबरल्या. पहिल्याचं सगळं त्यांच्याही डोळ्यांपुढं होतं. त्या तुमच्या जवळ येऊन म्हणाल्या, "वरनं जरा रेटा दे की. तुला येतंय. बाई न्हाईत तवर."

मी गादी घट्ट धरली. मी पाठमोरी होते, तुमचा चेहरा मला दिसत नव्हता. तुमचे हात कमरेवर होते आणि ते तिथंच राहिले.

"न्हाय," तुम्ही म्हणालात. "तिला शब्द दिलाय."

आत्याबाई परत म्हणाल्या, पहिल्यासारखं झालं म्हणजे? तेव्हा कळ नसतानाही तुमच्या हातांचा जोर वाढला. तो मला जाणवला, कारण तो माझ्याच पाठीवर होता. तुम्हाला मनापासून वाटत होतं की रेटा दिला तर मूल वाचेल. माझ्यावर सूड म्हणून तुम्ही हात आवरला नव्हता. स्वतःला जे खरं वाटतं त्याच्या विरुद्ध जाऊन आवरला होता. मग तुम्ही आत्याबाईंना डॉक्टरीणबाईंना बोलवायला पाठवलंत.

मुग्धा संध्याकाळी झाली. ती रडली. ते ऐकून तुम्ही भिंतीला टेकून खाली बसलात.

पुढचं जे घडलं ते इतकं थोडं आहे, की घडलं असं म्हणावं की नाही कोण जाणे. डॉक्टरीणबाई कोपऱ्यातल्या बेसिनला हात धूत होत्या. तुम्ही त्यांच्याजवळ जाऊन उभ्या राहिलात. मी झोपले असेन असं तुम्हाला वाटलं असावं. तुम्ही विचारलंत, "बाई, कंबर आशी धरल्यानं प्वार वाचतं का ओ?"

त्या म्हणाल्या, "नाही. त्यानं आईला कळा सोसायला सोपं जातं. बाळाचं वेगळं. ते आम्हाला बघावं लागतं."

"आन नाळ गळ्याला आसली तर?"

"तर कंबर धरून काय होणार?"

"आसं व्हय," तुम्ही म्हणालात. नळ बंद झाल्यावर परत म्हणालात, "आसं व्हय."

मग तुम्ही बांगड्यांवरचं फडकं सोडलंत आणि हातांचं तेल पुसत राहिलात. मी डोळे मिटून वाट बघितली. मला वाटलं, आता तुम्ही खाटेजवळ याल. तुम्ही बाहेर जाऊन ह्यांना मुलगी झाल्याचं सांगितलंत.

अबोला बाळंतपणानं सुटेल असं सगळ्यांना वाटलं होतं. ह्यांनी तर पेढ्यांबरोबर तेही जाहीर करायचं ठरवलं होतं. पण पाचवी झाली, बारसं झालं, आपण भिंतींशी बोलतच राहिलो. आता त्याची सवय झाली होती आणि आधी कोण बोलणार याची लाज. सुटला तो भांडणानं. मुग्धा सव्वा महिन्याची असेल. ती रडत होती आणि तुम्ही सरळ माझ्याकडं बघून म्हणालात, "उपाशी हाय ती. घे की तिला." मी म्हणाले, आत्ताच पाजलंय, उपाशी नाही. तुम्ही म्हणालात, मग घुटी उगाळू? मी म्हणाले, अजिबात नाही. "का न्हाय? मंगलला म्या दिली, काय वाकडं झालं तिचं?" तिथून जे सुरू झालं ते अर्धा तास चाललं. मध्येच दोघींच्या लक्षात आलं. तुम्ही तोंड फिरवलंत. आत्याबाई दारातून म्हणाल्या, "आता माजं काम गेलं."

त्यानंतर आपण भरपूर बोललो. उसाच्या तोडीबद्दल, मंगलच्या दहावीबद्दल, गाईच्या कासेबद्दल. पुढच्या वर्षी तुमची पाठ धरली तेव्हा मी चोळून द्यायला बसले, तर तुम्ही म्हणालात, "तुजा हात पाटीवरनं पुस्तकाचं पान उलटल्यावानी फिरतोय," आणि उठून बसलात. पण ते एक वाक्य आपण दोघींनीही कधी काढलं नाही. मी वाट बघायचे. सुट्टीत पणदऱ्याला आले की चुलीपुढं तुमच्याजवळ बसायचे. आज म्हणतील, असं वाटायचं. तुम्ही म्हणायचात, "शेंगा घेऊन जा."

आत्याबाईंकडून मला इकडच्या गोष्टी कळायच्या. बायका तुम्हाला पहिल्यासारख्याच बोलवायच्या, तुम्ही जायचात. पण आधी दवाखान्याचं ठरलंय का ते विचारायचात. नसेल ठरलं तर भांडायचात. पलीकडच्या मळ्यात एकीला उशीर झाला, तिच्या सासूनं तुम्हाला पोट दाबायला सांगितलं. तुम्ही तिला म्हणालात, "पोट डाक्टरनीचं, कंबर माजी. जीप आना, तवर म्या हितं बसते." जीप आली आणि जीपमध्येही तुम्ही तिच्या मागं बसून बारामतीपर्यंत गेलात. ती सासू पुढं वर्षभर तुमच्यावर रुसली होती. पुढं वस्तीवर ते तुमचं बोलणंच झालं. बायका हसत, म्हणून दाखवत.

मी हे ऐकलं तेव्हा मला आधी राग आला. सगळ्या वस्तीला सांगितलंत, मला सोडून. नंतर वाटलं, जे मला ऐकायचं होतं ते तुम्ही दारोदार जाऊन करत होतात. पण अक्का, ते आणि हे एक नाही. मला तुमच्या तोंडून ऐकायचं होतं, की तुझ्या आईनं घालवलं नाही. तो वाद आपल्यात राहिला. तो आता मी एकटीनं जिंकण्यात अर्थ नाही, म्हणून मी तो तसाच ठेवते.

दहाव्याला माझी आई आली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. भाऊ घेऊन आला होता. उंबऱ्यापाशी ती क्षणभर थांबली, मग आत आली. आत्याबाईंनी सरकून जागा केली. मी तिला हळूच म्हटलं, तू येशील असं वाटलं नव्हतं. ती म्हणाली, "तिनं तुझी कंबर धरली होती ना? मग यायला नको?" तुम्ही काय म्हणाला होतात ते ती विसरलेली नव्हती. तिनं दोन्ही लक्षात ठेवलं होतं, माझ्यासारखंच. जाताना मंगलच्या तोंडावरून हात फिरवून गेली.

काल मंगलची सासू कऱ्हाटीहून आली. बाई समजूतदार आहे. आबांना म्हणाली, "आमी नेतो तिला. हितं आता हाय कोन? म्हातारीच्यानं हुनार न्हाय." ती वाईट बोलली नाही, जे दिसलं ते बोलली. आबा उंबऱ्याकडं बघत राहिले. तुम्ही गेल्यापासून ते कुठल्याही प्रश्नाला तिकडंच बघतात. मंगल आतून म्हणाली, "मी जानार न्हाय." मी बोलणारी बाई नाही, तुम्हाला माहीत आहे. पण मी म्हणाले, "राहू दे तिला. मी बसेन तिच्या मागं."

आत्याबाईंनी माझ्या हातांकडं बघितलं. काही भर घातली नाही.

मला कंबर धरता येत नाही. मला फक्त ती धरलेली कशी लागते ते येतं. तुमचा हात नेमका कुठं बसला आणि मला सुटल्यासारखं वाटलं, ते माझ्या पाठीला माहीत आहे, तळहाताला नाही. ते पाठीकडून हाताकडं कसं न्यायचं हे मी कालपासून शोधते आहे. आत्याबाईंच्या पाठीवर करून बघितलं. त्या म्हणाल्या, "मला काय इचारतीस? माजी कुनी धरली व्हती?" त्यांच्या सातही बाळंतपणांत कुणी मागं बसलं नव्हतं. हे मला माहीत नव्हतं. तुम्हाला होतं का?

आज सकाळी बारामतीला जाऊन आले. मंगलचं नाव घातलेल्या दवाखान्यातल्या बाईंना भेटले आणि विचारलं, कळांच्या वेळी आत एकीला बसू द्याल का. त्यांनी विचारलं, कशाला. मी सांगितलं. त्या म्हणाल्या, चालेल, पण मध्ये यायचं नाही आणि पोटाला हात लावायचा नाही. मी म्हणाले, आमच्याकडं कुणी लावत नाही.

दुपारी मंगलची पाठ दुखत होती. मी तिला खाटेच्या कडेला हात टेकवून उभं केलं आणि मागं बसले. दाबलं. ती म्हणाली, "काकी, कनीक मळताय का?" आणि हसली. तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा. मग तिनं माझं मनगट धरून हात जिथं हवा तिथं नेऊन ठेवला आणि म्हणाली, "हितं. आई हितं धरायची, मला पाळीत दुखायचं तवा." मी तिथं धरलं. थोड्या वेळानं तिनं मान खाली सोडली.

जीपवाल्याला सांगून ठेवलं आहे. पिशवी भरली आहे. शाळेची रजा महिन्याची आहे. मंगल मधल्या खोलीत झोपते, मी तिच्या शेजारी, आत्याबाई दारापाशी. मंगलचे दिवस भरत आले आहेत आणि तिच्या मागं बसायला या घरात आता मी आहे.